बर्फावर ठेवलेले शेअर

७ ऑक्टोबर

सूनबाईनं डायरी दिली ती मागच्या सालाची. तिच्या ऑफिसात उरली असणार. आज सोमवार आणि हिच्यात शनिवार छापलाय. बोलले तर ममता म्हणते, "आई, वार खोडून लिहा ना. पानं तर कोरी आहेत." काल उरलेले बोंबील मी कधी कोणाला कोरे म्हणून दिले नाहीत.

असो. श्री. पहिल्या पानावर लिहायचं असतं, लिहिलं.

मी सरोजा. माहेर, सासर दोन्ही राई गावात. शाळा चौथीपर्यंत. लिहिताना 'आहे' लिहायचं आणि बोलताना 'हाय' बोलायचं, एवढं मास्तरांनी छडीनं शिकवलं ते अजून टिकलंय. मीरा रोडच्या बाजारात उभा जन्म मासळी विकली. गुडघ्यांनी संप केला तेव्हा ओटा जावेला, मंदाला, देऊन टाकला आणि या सोसायटीत चौथ्या मजल्यावर येऊन बसले. बसून बसून माणूस आंबतं.

डायरी कशाला, तर मी आता शेअर करणार. नात अनुष्कानं मोबाइलमध्ये एक टायवाला पोरगा दाखवला. तो म्हणतो, काय घेतलं, काय विकलं आणि का, हे जो रोज लिहितो तोच तरतो. तर लिहिते.

आमचा म्हातारा काशीमिऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झाला तेव्हा फंडाचे आलेले सगळे पैसे मुलानं, चंदननं, म्युच्युअल फंडात टाकून दिले. चंदन जहाजावर असतो, सहा-आठ महिन्यांनी उगवतो. त्या पैशातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप बँकेत पडते. त्यावर आम्ही दोघं जगतो. मीठ-मिरचीपासून गोळ्यांपर्यंत ममताकडे हात पसरत नाही, हीच आमची मिजास. आणि आता बाजार पडायला लागलाय. रोज बातम्यांत लाल बाण. म्हातारा चहात खारी बुडवतोय.

"अहो, पडतंय. काढा ते."

"ओहोटी हाय ती. भरती येल."

"ओहोटीत होडी चिखलात बसते. ती कोण ओढणार, तुम्ही? तुम्हाला बादली उचलवत न्हाय."

"सरोजा, हात लावायचा न्हाय म्हंजे न्हाय."

दोन दिवस भांडलो. शेवटी वाटणी. अर्धे त्याचे, ते तसेच कुजत राहतील. अर्धे माझे, ते मी फिरवणार. अनुष्कानं त्याच्या मोबाइलवर बोटं चालवली, त्या नंबरावर मेसेज आला, त्यानं ओटीपीचे आकडे सांगितले, झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा वाटणी मागितली आणि मिळाली. आधीच मागायला पाहिजे होती.

१४ ऑक्टोबर

सव्वानऊला बाजार उघडला. मी आंघोळ करून, केस बांधून बसले होते. साबण बनवणारी एक कंपनी घेतली. साबण लोक वापरणारच, हे माझं कारण. तासाभरात वर गेली, विकली. एका बऱ्या पापलेटच्या जोडीचे पैसे सुटले.

भवानी झाली. मोबाइल कपाळाला लावला. अनुष्का सोफ्यावर लोळून हसत होती. हसू दे. मी खुर्चीतून उठले तेव्हा गुडघा दुखायचा विसरला होता.

संध्याकाळी खरोखरची पापलेटं आणली. म्हाताऱ्यानं दोन खाल्ली. पैसे कुठून आले ते विचारलं नाही, काटे मात्र मोजून बाजूला ठेवले.

१७ ऑक्टोबर

धंद्याचा नियम लिहून ठेवते. दिवसाची पहिली विक्री तोट्यात करायची नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला पाडून दिलं की दिवसभर पाटी उठत नाही, हे सासूनं सांगितलेलं. म्हणून सकाळी मोबाइल उघडला की जो शेअर हिरवा असेल तो विकायचा. चहापुरते सुटले तरी विकायचा. जो लाल असेल तो बर्फावर.

अनुष्का म्हणाली, "आजी, बर्फावर म्हणजे?"

"म्हणजे त्याच्याकडे बघायचं न्हाय."

"आणि दुसरी विक्री? तेव्हा लाल विकशील?"

"भवानीच्या पाठोपाठ तोटा करू? अक्कल हाय का तुला?"

म्हातारा पेपराआडून बोलला, "आणि बर्फ वितळला की?" कारखान्यात पगार घेतलेल्या माणसाला धंद्यातलं काय कळणार.

२६ ऑक्टोबर

म्हातारा राईच्या खाडीवर पागाचं जाळं टाकायला गेला होता. कंबरेपर्यंत चिखल, तोंड उतरलेलं, पायात एकच चप्पल. पिशवीत चार चिंबोऱ्या.

"काय झालं?"

"घसरलो."

"काय गेलं?"

"चप्पल."

"आणि?"

"आणि काय असणार? चप्पल."

चप्पल दोनदा सांगितली. एका चपलेसाठी एवढं तोंड पाडणारा माणूस मी तरी पाहिला नाही. चिंबोऱ्यांचं कालवण चांगलं झालं.

२९ ऑक्टोबर

म्हाताऱ्यानं बटणांचा फोन आणला. नंबर पण नवा. मोठ्या फोननं म्हणे डोळे दुखतात. अनुष्का म्हणाली, "आजोबा, मग जुना मला द्या." म्हणाला, "ठेवलाय कुठंतरी." कंजूष.

माझी मात्र रोज भवानी. एक दिवस खाडा नाही.

२ नोव्हेंबर

काल दिवाळीच्या मुहूर्ताचा सौदा झाला. बाजार फक्त संध्याकाळी एक तास उघडतो, पूजा करून. मी नवी साडी नेसून, मोबाइलला हळदकुंकू लावून बसले. ममता म्हणाली, "आई, स्क्रीनच्या आत कुंकू जाईल." गेलं तर जाऊ दे, लक्ष्मी आतच आहे.

टायर बनवणारी घेतली, हिरवी झाली, विकली. मिठाईवाली घेतली, दिवाळी आहे म्हणून. ती हिरवी झाली, विकली. तासाभरात दोन भवान्या. मी उठून हॉलमध्ये एक गिरकी घेतली. ममताचा व्हिडिओ कॉल चालू होता, पलीकडे तिची साहेबीण होती, तिला पण दिसलं असेल. दिसू दे.

आणखी दोन घेतल्या होत्या, त्या लाल. बर्फावर.

२१ नोव्हेंबर

सोसायटीत मला शेअरवाली आजी म्हणायला लागलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या शुभदाताई, शाळेतून रिटायर झालेल्या, आयुष्यभर पोरांना पाढे पाठ करायला लावले, त्या आज माझ्यासमोर हात जोडून बसल्या. "सरोजाताई, एक तरी नाव सांगा."

मी डोळे मिटले, थोडा वेळ घेतला. मासळी बांधून देताना गिऱ्हाईक वाट बघतं तेव्हा जसा घ्यायचा तसा.

"बिस्किटं," म्हटलं.

"का?"

"चहा बंद झालाय का?"

त्यांनी वहीत लिहून घेतलं. शिकलेली बाई माझं बोलणं लिहून घेते. रिक्षावाला पण उतरताना म्हणतो, "आजी, कुछ टिप दो." म्हटलं, "छुट्टा दो पहले."

चौथी पास.

२ जानेवारी

भिशीच्या बायकांना माझ्याकडून वडापाव आणि सरबत. नवीन सालाची पहिली भवानी झाली म्हणून. बोलताना मी सांगितलं, आजवर एकही दिवस तोट्यात विकलं नाही. टाळ्या पडल्या. खरंच आहे ते, एकही नाही.

अनुष्का कानात पुटपुटली, "आजी, पण बर्फावर आता जास्त झालंय. विकायला हिरवे फार उरले नाहीत."

पोरीला धंद्यातलं दुःख आधी दिसतं. हिच्या नवऱ्याचं कठीण आहे.

एक गोष्ट मात्र खरी. भिशीचा हप्ता भरायला हातात पैसे कमी पडले, सगळे शेअरात गुंतलेत. म्हाताऱ्यानं त्याच्या महिन्याच्या पैशातून गुपचूप भरला. मी मागितला नव्हता. ममताकडे जावं लागलं नाही एवढं बरं.

२७ जानेवारी

म्हाताऱ्याला हळवेपणाचा आजार झालाय. रोज विचारतो, "चंदन कधी येतोय?" सकाळी विचारतो, जेवताना विचारतो. कॅलेंडरासमोर उभा राहून बोटं मोजतो. पोरगा वीस वर्षं जहाजावर आहे, इतका पान्हा कधी फुटला नव्हता. परवा ममताला विचारलं, "त्याला मधेच सुट्टी न्हाय मिळणार? एका दिवसाची?" एका दिवसाची सुट्टी. जहाज काय रिक्षा आहे?

मी म्हटलं, "एवढी आठवण येते तर फोन करा."

"फोनवर न्हाय भागणार," म्हणाला आणि तोंड फिरवलं. म्हातारपणी असं होतं काहींचं.

२८ फेब्रुवारी

आज बाजार असा आपटला की टायवाल्या पोरानं पण टाय काढली होती. माझ्याकडे एकच हिरवा होता, तो सकाळी सव्वानऊला विकला. चार रुपये सुटले. भवानी ती भवानी.

मग म्हाताऱ्यावर ओरडले. "तुमचं पण बुडतंय, कळतंय का? दगडासारखे बसलात. विका."

तो पांढरा पडला होता. कपाळावरचा घाम पुसला, आधार कार्ड खिशात घातलं आणि बाहेर गेला. खाली शुभदाताईंनी पाहिलं, मोबाइलच्या दुकानात काउंटरशी हात जोडून उभा होता. तासाभरानं परत आला, पाणी प्याला, म्हणाला, "हात लावायचा न्हाय."

"मग दुकानात कशाला गेला होता?"

"रिचार्ज."

रिचार्जला आधार कार्ड लागतं हे आजच कळलं. रोज नवीन कायदे.

१५ मार्च

होळीला राईला जाऊन आलो. मंदानं पुरणपोळी दिली आणि विचारलं, "ताई, शेअर कसा हाय?" म्हटलं, "पळतोय." ती म्हणाली, "कुठं?" मी पोळी खाल्ली.

७ एप्रिल

आज भवानी झाली नाही.

सव्वानऊला मोबाइल उघडला तर सगळं लाल. एक पण हिरवा नाही. एकूण एक. खाली सरकवलं, परत वर आणलं, बंद करून चालू केलं. परत घेतलेला साबण लाल, टायर लाल, बिस्किट तर काळं पडायचं बाकी. बर्फावरचे आज पहिल्यांदा नीट बघितले. मोबाइलमध्ये खाली एक एकूण आकडा येतो, तो मी कधी बघत नव्हते. बाजारात कोणी दुपारी गल्ला मोजत नाही. आज दिसला. जेवढे पैसे घेऊन निघाले होते त्यातला बराचसा भाग गेलाय. आकडा इथं लिहीत नाही.

मला हसायला आलं. खरंच आलं. इतके दिवस रोज कपाळाला मोबाइल लावत होते आणि आत मासळीबाजार बंद झाल्यावरचा वास.

९ एप्रिल

बाजारात मंदाकडे जाऊन बसले. ओट्यावर बसलं की डोकं चालतं. ती मांदेली निवडत होती. मी सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती माझी जाऊ आहे, तिला सांगितलं तर फार तर गावभर होईल.

ती म्हणाली, "म्हंजे तू सकाळी सकाळी पापलेट फुकट वाटलंस आणि मेलेल्या मांदेलीला बर्फ लावत बसलीस?"

"भवानी तोट्यात करायची न्हाय, सासूबाईंनीच..."

"ताई, सासूबाई पहिल्या गिऱ्हाइकाला आधी कालचं दाखवायच्या. पापलेट पाटीखाली झाकून ठेवायच्या, संध्याकाळी फ्लॅटवाल्या बायका येईपर्यंत. तू तिथंच बसायचीस ना, बघत?"

बसायचे. बघायचे. मी मांदेलीचा वाटा घेतला आणि उठले. पैसे तिनं पूर्ण घेतले, सोडले नाहीत. बरोबर केलं.

१५ एप्रिल

आज सव्वानऊला सगळं विकलं. बर्फावरचं, बर्फाबाहेरचं, एकूण एक. दिवसाची पहिली विक्री तोट्यात, दुसरी तोट्यात, शेवटची पण तोट्यात. अनुष्काचे डोळे मोठे झाले. "आजी, नक्की?" म्हटलं, "पाटी धुवायची हाय मला."

धुतली. आणि काय सांगू, हलकं वाटलं. पहिल्या भवानीच्या दिवशीपेक्षा जास्त. पुरीभाजी केली.

आता उरलंय ते म्हाताऱ्याच्या फंडात परत टाकायचं. त्याचं निदान महिन्याला येतंय तरी. त्याला म्हटलं, "घ्या, जिंकलात. तुमच्या पाटीत घाला. काढा तो जुना मोबाइल, आकडे येतील ते सांगा."

तो खूश व्हायला पाहिजे होता. उलट दाराकडे बघायला लागला.

"चंदन येऊ दे."

"चंदनचं काय काम?"

"येऊ दे त्याला."

लेकाच्या हातानं शुभ कार्य करायचं असेल. हळवेपणा अजून उतरला नाही.

१ मे

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. नंतर चेअरमननं ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार ठेवला, आणि नारळ कोणाला, तर आमच्या म्हाताऱ्याला. शुभदाताईंनी भाषण केलं. बाजार कोसळत असताना सगळ्यांचे हात थरथरले, कोणी घाबरून विकलं, कोणी (इथं माझ्याकडे बघितलं) रोज विकलं. पण पंढरीनाथ काकांनी संयम सोडला नाही. त्यांनी आपल्याला दोन शब्द सांगावेत.

म्हातारा माइकसमोर गेला. माइकवर दोनदा टिचकी मारली. म्हणाला, "हात लावायचा न्हाय." आणि खाली बसला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन माणसं पाया पडली. मी पण टाळी वाजवली, एकदा. नारळ घेताना त्याचे कान लाल झाले होते. विनय असेल.

१७ मे

चंदन काल आला. बॅग ठेवायच्या आधी म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं आणि जिन्यातून खाली घेऊन गेला. पोरानं पाणी पण प्यालं नव्हतं. मी ममताला म्हटलं, "बघ, बापाचं प्रेम."

तासाभरानं दोघं परत आले. चंदन पोट धरून येत होता. म्हातारा मागे, लग्नातल्या नवऱ्यासारखा मान खाली घालून.

चंदननं सांगितलं. ऑक्टोबरात खाडीत चप्पल गेली त्या दिवशी मोबाइल पण गेला. चिखलात, पार आत. फंडाचे आकडे त्याच नंबरावर यायचे आणि ते सिम चंदनच्या नावावर. चंदन स्वतः उभा राहिल्याशिवाय दुकानवाला दुसरं देईना. म्हणून कॅलेंडर. म्हणून एका दिवसाची सुट्टी.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. "म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही दुकानात..."

"सिम मागायला गेलो होतो."

"कशाला?"

त्यानं आधी चंदनकडे बघितलं. मग म्हणाला, "विकायला."

"किती?"

"सगळं. एप्रिलमध्ये पण गेलो होतो. तो पोरगा म्हणला, काका, ज्याच्या नावावर त्यालाच आणा. मी त्याच्या पाया पडायचा राहिलो, गो."

आणि मग ते नवं सिम घातलेला चंदनचा फोन वाजायला लागला, कंपनीचे, रिचार्जचे, कसले कसले मेसेज एकामागून एक, टिंग टिंग टिंग, देवळात पोरं घंटेला लटकल्यासारखे. चंदननं फंड उघडला. महिन्याचे पैसे जात राहिले, ते सोडले तर त्याचा वाटा जिथं होता जवळपास तिथं येऊन बसलाय. भरती आली. आम्हाला न विचारता आली.

मी जमिनीवर बसले. हसून हसून बसले, गुडघा वाकत नाही हे पण लक्षात राहिलं नाही. "नारळ," एवढंच बोलता येत होतं. "नारळ घेतलात तुम्ही. संयमाचा."

"मला बोलू कुठं दिलं त्यांनी?" म्हातारा म्हणाला, आणि मग तो पण हसायला लागला, दात काढून ठेवलेले असताना. ममता स्वयंपाकघरातून आली, विचारत राहिली, आई काय झालं, आई काय झालं. तिला शेवटी अनुष्कानं सांगितलं. ती दाराला धरून हसली. ही बाई हसते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

शुभदाताईंना कळवायचं नाही असं ठरलं. सोसायटीतले अर्धे लोक त्या तीन शब्दांवर जगतायत.

१८ मे

चंदननं माझं उरलेलं आणि म्हाताऱ्याचं एकत्र टाकून दिलं. महिन्याची रक्कम थोडी कमी करावी लागली. पापलेट कमी, मांदेली जास्त. मांदेलीला चव जास्त असते, मी गिऱ्हाइकांना कायम सांगायचे, आता स्वतःला सांगीन.

भवानीचं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. बाजारच नीट नव्हता आणि या डायरीचे वार पहिल्यापासून चुकीचे होते. पण एक कळलं. आम्हा दोघांत शहाणा कोणी नाही. शहाणा होता तो राईचा चिखल. मी विकत सुटले तेव्हा माझा फोन माझ्या हातात होता, आणि तो विकणार होता तेव्हा त्याचा फोन खाडीत होता, एवढाच फरक.

दर वेळी खाडीवर जाऊन फोन बुडवणं परवडणार नाही. म्हणून सिम बटणांच्या फोनात घातलंय आणि फोन तांदळाच्या मोठ्या डब्यात, तळाशी पुरलाय. चार्जिंगला दर रविवारी वर काढायचा.

ममता, तू ही डायरी चोरून वाचतेस ते मला दिवाळीपासून माहीत आहे. वार खोडायला पेन तूच वापरलंस, माझं निळं, तुझं काळं. म्हणून इथंच लिहिते, तोंडावर सांगायला मला जमणार नाही. आम्ही तुझ्याकडे पैशाला हात पसरणार नाही, ते ठरलेलं आहे. पण बाजार पुन्हा पडेल, आणि मी किंवा म्हातारा, दोघांपैकी कोणीतरी तांदळात हात घालेलच. हातावर मारायचं. डब्यातला फोन वाजला तर मी उठायचं नाही, म्हाताऱ्यानं हलायचं नाही, अनुष्कानं तर जवळ पण फिरकायचं नाही. फोन तू उचलायचा. समोरचा काहीही विचारो, उत्तर तू द्यायचं, आणि काय द्यायचं ते तुला माहीत आहे, तेच तीन शब्द.